दाबाची हद्द आणि तापमानाची हद्द

सहवीज प्रकल्प असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यात बॉयलरमधून निघणारी वाफ बहुधा 67 किंवा 87 किलो (दर चौरस सेंटिमीटरला) दाबाची आणि 500 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरला आणि पॅनला मात्र जेमतेम दीड किलो दाबाची, 130 अंशांच्या आसपासची वाफ पुरते. एरवी हा दाब टर्बाइन उतरवते आणि त्यातूनच वीज मिळते. टर्बाइन अचानक बंद पडली, तरी तोडलेला ऊस गव्हाणीत येतच असतो. अशा वेळी वाफ पी.आर.डी.एस.मधून, म्हणजे दाब आणि तापमान उतरवणाऱ्या यंत्रणेतून, वळवली जाते. पाइपचे स्पेसिफिकेशन, म्हणजे त्याचे पोलाद, जाडी आणि दर्जा, बदलते ते याच ठिकाणी.

यंत्रणेच्या आधी क्रोमियम-मॉलिब्डेनमयुक्त मिश्रपोलादाचा जाड पाइप असतो, तर नंतर साध्या कार्बन स्टीलचा पातळ पाइप. ड्रॉइंगवर या दोहोंमधील हद्द एका आडव्या रेघेने दाखवतात आणि सवयीने ती रेघ दाब उतरवणाऱ्या व्हॉल्व्हच्या बाहेरच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या कड्यावर, ओढली जाते. ती जागा धोक्याची आहे. त्या व्हॉल्व्हच्या पुढे दुरुस्तीसाठी आणखी एक स्टॉप व्हॉल्व्ह असतो. तो बंद असताना आधीचा व्हॉल्व्ह किंचित जरी गळत असला, तरी मधल्या तुकड्यात हळूहळू बॉयलरचाच दाब चढतो. म्हणून जास्त दाबाचे स्पेसिफिकेशन स्टॉप व्हॉल्व्हसकट धरावे, आणि त्या व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंचे फ्लँज, बोल्ट व गॅस्केट त्याच दर्जाचे घ्यावेत. व्हॉल्व्हला वळसा घालणाऱ्या बायपास लाइनलाही हाच नियम लागू आहे. ती बारीक असते म्हणून विसरली जाते. जादा दाब बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह स्टॉप व्हॉल्व्हच्या पुढे असेल, तर मधल्या तुकड्याला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

फ्लँजवरील 150 हा आकडा दाबाचा नसून वर्गाचा आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते. कार्बन स्टीलचा असा फ्लँज थंड अवस्थेत 19.6 बार (एक बार म्हणजे जवळपास एक किलो दाब) पेलतो, पण 400 अंशांवर केवळ 6.5 बार.

तापमानाची हद्द याहून पुढे सरकते, आणि आमच्या मते खरी कसोटी तिथेच लागते. दाब व्हॉल्व्हने उतरतो, पण तापमान उतरते ते फवारलेल्या पाण्याने. पाण्याचा पंप थांबला किंवा नोझल तुंबले, तर 87 किलो आणि 515 अंशांची वाफ दीड किलोवर येऊनही 450 अंशांच्या वरच राहते. कार्बन स्टील 425 अंशांच्या वर दीर्घकाळ राहिले, तर त्यातील कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो आणि वेल्डलगतचा भाग कमकुवत होतो. यासाठी फवाऱ्यानंतरचा काही मीटरचा सरळ पाइप, थेंबांची पूर्ण वाफ होऊन तापमान मोजले जाईपर्यंत, मिश्रपोलादाचाच ठेवावा, आणि तापमान वाढताच वाफ आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करावी.

दोन पाइपांचा सांधाही तितकाच नाजूक आहे. आठ इंची पाइपचा बाहेरचा व्यास 219.1 मिलिमीटर ठरलेला असतो. जाडी मात्र शेड्यूलनुसार, म्हणजे जाडीच्या वर्गानुसार, बदलते: शेड्यूल 40 ची जाडी 8.18 मिलिमीटर, तर शेड्यूल 80 ची 12.7 मिलिमीटर, म्हणजे फरक सगळा आतल्या बाजूला. जाड पाइपची आतली कड लेथवर उतरती करून, तो उतार 30 अंशांपेक्षा तीव्र न ठेवता, मगच वेल्डिंग करतात.

बाहेरून मात्र काहीच कळत नाही. ऑफ सीझनच्या घाईत यार्डातला कार्बन स्टीलचा तुकडा मिश्रपोलादाच्या जागी बसला, तर टेप तेच माप दाखवते. भारतीय बॉयलर नियमावली, 1950 नुसार होणारी पाण्याच्या दाबाची चाचणीही तो तुकडा सहज पार करू शकतो, कारण चाचणीचे पाणी थंड असते आणि थंड अवस्थेत कार्बन स्टील पुरेसे बळकट असते. म्हणून लॅगिंग, म्हणजे उष्णतारोधक आवरण, चढवण्यापूर्वी हद्दीच्या दोन्ही बाजूंचा प्रत्येक तुकडा, प्रत्येक फ्लँज आणि वेल्डचा भरावही पी.एम.आय. यंत्राने, म्हणजे धातूतील घटक ओळखणाऱ्या यंत्राने, तपासून त्यातील क्रोमियमचे प्रमाण नोंदवावे, आणि ती नोंद बॉयलरच्या अग्निप्रदीपनापूर्वी ड्रॉइंगशी ताडून पाहावी.