बाँडवर रागावणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

जेम्स बाँडचे चित्रपट आपल्यापैकी बहुतेकांनी थिएटरात नाही, तर घरच्या टीव्हीवर तरी पाहिलेले आहेत. त्यामुळे बाँड कोण हे सांगण्यात मी वेळ घालवत नाही. आज बोलायचे आहे ते त्याला पिस्तूल, घड्याळ आणि मोटार सोपवणाऱ्या, आणि सोपवताना कपाळाला आठ्या घालणाऱ्या ‘क्यू’ या वयस्क अधिकाऱ्याबद्दल, म्हणजेच 1963 ते 1999 या काळात 17 बाँडपटांत ही भूमिका करणाऱ्या डेस्मंड ल्युएलिन या वेल्श नटाबद्दल. सतरा चित्रपट, श्रोतेहो, आणि तेवढ्यात बाँड झाले पाच!

ल्युएलिन यांचा जन्म 1914 मध्ये वेल्समधील न्यूपोर्टचा. अभिनयाचे शिक्षण घेऊन जरा कुठे जम बसत होता, तोच महायुद्ध सुरू झाले. 1940 मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर ते जर्मनांच्या हाती सापडले आणि पुढची पाच वर्षे युद्धकैदी म्हणून राहिले. सुटून आल्यावर किरकोळ भूमिकांवर गुजराण चालली होती. त्यांतली एक, 1950 च्या एका युद्धपटातल्या वेल्श रणगाडा-सैनिकाची, दिग्दर्शक टेरेन्स यंग यांच्या लक्षात राहिली. पहिल्या बाँडपटात शस्त्रतज्ज्ञ झालेले पीटर बर्टन दुसऱ्या वेळी उपलब्ध नव्हते, तेव्हा यंग यांनी ल्युएलिन यांना बोलावले. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मध्ये बाँडला ती काळी ब्रीफकेस उघडून दाखवणारे गृहस्थ ते हेच. सोन्याची नाणी, लपवलेला सुरा, पावडरच्या डब्यात अश्रुधूर, हे सारे ते अगदी सरळपणे समजावून सांगतात. सरळपणे, हे लक्षात असू द्या, कारण पुढची हकिकत त्यावरच उभी आहे.

साल 1964, लंडनजवळचा पाइनवुड स्टुडिओ, चित्रपट ‘गोल्डफिंगर’, आणि आता दिग्दर्शक होते गाय हॅमिल्टन. तालमीच्या वेळी ल्युएलिन आपल्या टेबलाशी काम करत बसलेले होते. बाँडच्या भूमिकेतले शॉन कॉनरी आत आले, तसे ल्युएलिन अदबीने उठून उभे राहिले. हॅमिल्टन यांनी तिथेच तालीम थांबवली. उठायचे कशाला, या माणसाकडे तुम्ही लक्षसुद्धा द्यायचे नाही, तुम्हाला तो मुळीच आवडत नाही, असे त्यांनी बजावले. ल्युएलिन गोंधळले. हा जेम्स बाँड, इतका नावाजलेला हेर, आणि आपण एक साधे सरकारी नोकर. आपल्याला त्याचे कौतुकच वाटायला हवे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. त्यावर हॅमिल्टन यांनी जे सांगितले, त्याचा मथितार्थ असा, की कौतुक कसले, तुम्ही जिवापाड मेहनत करून वस्तू बनवता आणि हा त्यांची जराही कदर करत नाही.

बस्स! ल्युएलिन यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा प्रसंग ते पुढे मुलाखतींतून हौसेने सांगत असत. आता तोच प्रवेश पडद्यावर आठवून पाहा. ॲस्टन मार्टिन मोटारीच्या गिअरच्या दांड्यावरचे झाकण उघडले की आत लाल बटण आहे, ते चुकूनही दाबू नकोस, असे क्यू सांगतो, कारण ते दाबताच छत उघडून शेजारचा प्रवासी बाहेर फेकला जातो. बाँडला ती थट्टा वाटते. तेव्हा क्यू, चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता, आपण कामाच्या बाबतीत कधी थट्टा करत नाही असे ऐकवतो. दिलेले सामान मोडूनतोडून परत येणार हे ठाऊक असलेल्या सरकारी भांडारपालाचा जो त्रागा असतो, तोच हा त्रागा. नायकाला भुलायचे नाही, त्याच्यावर रागवायचे, एवढ्या एका सूचनेवर या नटाने पुढची 35 वर्षे काढली.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. चित्रपट संपताच आपल्या वाहिन्या श्रेयनामावली कापून जाहिराती सुरू करतात, आणि असे नट कायमचे निनावी राहतात. हा शुद्ध करंटेपणा आहे.

इतर कामांत ‘चिटी चिटी बँग बँग’मधला भंगारवाला कॉगिन्स सांगता येईल. मात्र 1973 चा एक अपवाद वगळला, तर बाँडपटाने त्यांना सोडले नाही. 1983 च्या ‘ऑक्टोपसी’त, ज्याचे काही चित्रीकरण उदयपूरला झाले आणि ज्यात आपले कबीर बेदी आहेत, क्यूची कार्यशाळाच भारतात आलेली दिसते. 1989 च्या ‘लायसन्स टू किल’मध्ये तर क्यू रजा काढून बाँडच्या मदतीला धावतो. तिथे त्यांना एरवीपेक्षा बरेच अधिक काम मिळाले आणि रागामागची माया उघड झाली. माझ्या मते ते त्यांचे सर्वांत चांगले काम.

डिसेंबर 1999 मध्ये, शेवटचा बाँडपट प्रदर्शित होऊन महिनाही उलटला असेल-नसेल, तोच मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय 85 होते. 2002 मध्ये जॉन क्लीझ आणि 2012 मध्ये बेन व्हिशॉ क्यू झाले. व्हिशॉ तर वयाने बाँडहून लहान, तरीही सामान शाबूत परत आण असे तोही बाँडला बजावतो, आणि बाँड अर्थातच ते आणत नाही.