बर्डीच्या टेबलावरचा डोंगर

(दृश्य : सीताबर्डी, सकाळ. अर्धे वर गेलेले शटर, काउंटरमागे लागणारा दिवा.)

नागपुरातल्या सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावरून आत वळणाऱ्या या गल्लीत मोबाइल दुरुस्तीची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. जेमतेम दोन माणसे मावतील एवढ्या या दुकानातला कारागीर गेली अठरा वर्षे दुसऱ्यांचे फोन उघडतो आहे. आज त्याच्यापुढे जुन्या बनावटीचा, पाण्यात पडलेला फोन आला आहे. गरम हवेने झाकण सैल करून, चिमट्याने एकेक पट्टी सोडवत तो बोर्ड बाहेर काढतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो.

(दृश्य : पडद्यावर बोर्डचा एक कोपरा.)

पडद्यावर दिसणारी पिवळसर, एका टोकाला पट्टी असलेली ठोकळी हा टँटलमचा कॅपॅसिटर आहे. पट्टीचे टोक धन बाजूचे असते. ठोकळी उलटी बसली तर ती पेट घेऊ शकते, म्हणून कारागीर जोडण्यापूर्वी ती दोनदा निरखतो. टँटलमची भुकटी दाबून आणि भाजून तिची सच्छिद्र गोळी केली जाते, त्या छिद्रांच्या आतल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर चढवला जातो, आणि त्यामुळे मसुराच्या दाण्याहून लहान जागेत बराच विद्युतभार साठतो. तिच्या बुडाशी चकाकणारा ठिपका डाखाचा, म्हणजे दुकानाच्या भाषेत सोल्डरचा आहे. प्रचलित शिसेविरहित सोल्डरमध्ये ९५ टक्क्यांहून अधिक कथिल असते. फोन थरथरवणाऱ्या मोटरवरचे चिमुकले वजन टंगस्टनचे आहे, कारण तेवढ्याच आकारात शिसेसुद्धा इतके जड भरत नाही. जोडण्यांवरचा मुलामा सोन्याचा आहे. टँटलम, कथिल, टंगस्टन आणि सोने या चार धातूंच्या खनिजांना आज जगभर ‘संघर्ष खनिजे’ म्हटले जाते, म्हणजे ज्यांच्या विक्रीतून सशस्त्र गटांना पैसा मिळू शकतो अशी खनिजे.

(दृश्य : कुही तालुका, रात्र. अतिनील दिव्याखाली एक खडक.)

हे दृश्य मात्र आपल्याच जिल्ह्यातले आहे. कुही, खोबणा आणि आगरगावच्या पट्ट्यात टंगस्टनचे खनिज आढळते, आणि त्यातले शीलाइट अतिनील प्रकाशात असे निळसर पांढरे उजळते. दिवसा याच दगडावरून माणूस सहज चालत जाईल. भारतीय खाण ब्युरो, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स या तिन्हींची मुख्यालये नागपुरात आहेत. तेव्हा खाणीतून निघालेल्या मालाची नोंद म्हणजे काय, हे या शहराला समजावून सांगावे लागत नाही. उमरेडच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकचालकाकडे कागद मागितला, तर त्यावर खाणीचे नाव आणि मालाचे वजन लिहिलेले असते. वाटेत कोळसा चोरीला जातो हेही नागपूरकरांना ठाऊक आहे, पण चोरी झाली असे म्हणायलाही आधी नोंद असावी लागते.

(दृश्य : नकाशा. नंतर रुबायाच्या डोंगरांची छायाचित्रे.)

काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या उत्तर किवू प्रांतात, मासिसी भागात, रुबाया हे गाव आहे. जगाला लागणाऱ्या टँटलमपैकी सुमारे १५ टक्के या एका परिसरातून येते असे मानले जाते. ते ज्या खनिजापासून मिळते त्या कोल्टानची माती येथे कुदळ-फावड्याने खणतात, वाहत्या पाण्यात धुतात, तळाशी बसलेले जड काळे कण पोत्यांत भरतात, आणि माणसे ती पोती पाठीवर घेऊन उतारावरून खाली येतात. माल कोणत्या खाणीतला हे कळावे म्हणून पोत्याला क्रमांकाची पट्टी लावण्याची पद्धत २०१० नंतर या प्रदेशात सुरू झाली. परंतु पट्टी पोत्याला असते, आणि पोते बदलता येते. २०२४ मध्ये एम-२३ या सशस्त्र गटाने रुबाया ताब्यात घेतले. तेथील कोल्टानवर बसवलेल्या करातून या गटाला दरमहा सुमारे ८ लाख डॉलर मिळतात आणि माल सीमेपलीकडे रवांडात नेऊन तिथल्या मालात मिसळला जातो, असे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये नमूद केले. मात्र या गटाला आपला पाठिंबा असल्याचे रवांडा नाकारतो. पुढे परदेशी कारखान्यांत खनिजाचा धातू झाला की त्यातून डोंगर ओळखणे जवळपास अशक्य होते.

अमेरिकेने २०१० मध्ये कंपन्यांना या खनिजांचा स्रोत जाहीर करण्याचे कायदेशीर बंधन घातले. त्याच वर्षी काँगोच्या अध्यक्षांनी पूर्वेकडील तीन प्रांतांतील खाणकाम काही महिने थांबवले, आणि त्याची झळ बंदूकवाल्यांच्या आधी फावडेवाल्यांना बसली. युरोपीय संघाचा नियम १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला, पण तो खनिज आणि धातू आयात करणाऱ्यांना आहे, तयार फोन विकणाऱ्यांना नाही. भारतात असा कायदाच नाही.

(दृश्य : पूर्व काँगोतील गोमा शहराजवळची छावणी, छायाचित्रे. निवेदन थोडे थांबावे.)

काँगोत २०२४ मध्ये ७० लाखांच्या आसपास माणसे विस्थापित होती, आणि युद्धात अत्याचार झालेल्या स्त्रियांवर बुकावूच्या पान्झी रुग्णालयात उपचार करणारे डॉ. डेनिस मुकवेगे यांना २०१८ मध्ये शांततेचे नोबेल मिळाले.

(दृश्य : पुन्हा बर्डी, दुपार.)

कॅपॅसिटर बसला आहे. कारागीर जुनी ठोकळी फेकत नाही. असे काढलेले भाग तो एका रिकाम्या डबीत साठवतो, आणि त्यातला एखादा पुढच्या फोनला लागतोही. बोर्ड जागेवर जातो, झाकण बसते, फोन सुरू होतो. थरथरणारा फोन काचेच्या काउंटरवरून इंचभर सरकतो. गिऱ्हाईक तो उचलते, उलटसुलट करून पाहते आणि पैसे काढण्यापूर्वी विचारते, “भाऊ, पार्ट ओरिजिनल आहे ना?”

“ओरिजिनलच आहे,” कारागीर म्हणतो.