प्लास्टिकचं पिस्तूल आणि परवान्यावरचा बोर

(साताऱ्यात माजी सैनिक आणि शस्त्र परवानाधारकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अपशिंग्याकडची मंडळी समोर असताना बंदूक म्हणजे काय हे मी सांगायला नको. पण मघाशी चहाच्या वेळी तिघा-चौघांनी एकच विचारलं, "साहेब, ग्लॉक बरं की सिग?" ही दोन पिस्तूल कंपन्यांची नावं. सांगतो, पण आधी एक खोडा घालतो. या पिस्तुलांचा गाजलेला अवतार 9 बाय 19 मिलिमीटरच्या काडतुसाचा. आपल्या कायद्यात तो बोर, म्हणजे नळीचा व्यास, निषिद्ध आहे, साध्या परवान्यावर मिळत नाही. तुमच्या वाट्याला बहुतेक .32 इंचाचं हत्यार येतं, आणि त्या गोळीची ताकद नऊ एमएमच्या निम्मीही नाही. म्हणजे ही तुलना मुख्यतः खाकीवाल्यांच्या कामाची.

ही दोन्ही पॉलिमर पिस्तुलं, म्हणजे त्यांचा फक्त सांगाडा प्लास्टिकचा असतो. नळी आणि तिच्यावरचा मागेपुढे सरकणारा भाग, स्लाइड, पोलादीच, त्यामुळे एक्स-रेत दिसत नाही ही निव्वळ थाप. अशा सांगाड्याचं पहिलं पिस्तूल हेकलर अँड कोखनं 1970 मध्ये आणलं. त्याचा चाप, म्हणजे ट्रिगर, इतका जड, की ते फारसं चाललं नाही. गाडी सुटली ती 1982 मध्ये, ऑस्ट्रियाच्या सैन्यानं ग्लॉक 17 घेतलं तेव्हा. आपल्या पोलिसांचं ईशापूरचं जुनं पिस्तूल म्हणजे ब्राउनिंग हाय-पॉवरचीच आवृत्ती: सगळं पोलाद, 13 गोळ्या. ग्लॉक त्याहून दोनेकशे ग्रॅमनं हलकं आणि गोळ्या 17. बारा तास बंदोबस्ताला उभं राहिलेल्या हवालदाराला विचारा, दोनशे ग्रॅम म्हणजे काय ते.

आता खरा मुद्दा, चाप. ग्लॉकला बोटानं लावायची वेगळी सेफ्टी, म्हणजे गोळी चुकून सुटू नये म्हणून असलेला अडसर, नाही. चापाच्या मधोमध एक पाती असते. चापावर बोट नीट बसलं तरच ती दबते, आणि आतल्या दोन सेफ्टी चाप ओढता ओढता सुटत जातात. साधारण अडीच किलोचा दाब, की गोळी गेली. सराव असलेल्याला हे वरदान आहे, घाबरलेल्या माणसाला सेफ्टी शोधत बसावं लागत नाही. पण चापावर बोट ठेवायची खोड असेल तर? न्यूयॉर्क पोलिसांनी याच भीतीनं आपल्या ग्लॉकचा चाप साडेपाच किलोच्या घरात नेला. जड चाप ओढताना हात हलतो, नेम चुकतो. यंत्रानं शिस्त लावायला गेलं की असं होतं.

दुसरी खोच साफसफाईची. ग्लॉक उघडण्याआधी चाप ओढावाच लागतो. मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढलं, पण नळीत राहिलेली गोळी बघितली नाही, तर भिंतीला भोक पडतं, किंवा माणसाला. सिगचं पी320 आणि स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी चाप न ओढता उघडता येतं. शस्त्रागारात मला याचं मोल जास्त वाटतं. तेवढ्यानं सिग जिंकलं असं मात्र समजू नका. 2017 च्या जानेवारीत अमेरिकी सैन्यानं पी320 निवडलं आणि त्याच वर्षी, विशिष्ट कोनात पडलं तर ते आपोआप उडतं, हे उघड झालं. कंपनीला सुटे भाग बदलून द्यावे लागले. मला निवडायला सांगितलं तर पोलिसांसाठी ग्लॉक 19: आखूड, 15 गोळ्या. मात्र वर्षातून एकदा फायरिंगला जाणाऱ्या शिपायाच्या हाती देऊ नका.

आता तुमचं. वर्षात पाच गोळ्याही न झाडणाऱ्यानं .32 चं रिव्हॉल्व्हर घ्यावं, हे माझं मत. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं, अर्ध्या किलोच्या आसपास. रिव्हॉल्व्हर उघडलं की चक्रात किती गोळ्या आहेत ते डोळ्यांना दिसतं. ते घरात कुलपात ठेवायचं, उशीखाली नाही. लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. वरातीत नवरदेवाचा मामा असलात तरी. निवडणुकीत हत्यार जमा करायला सांगितलं, तर ठाण्यात जायच्या आधी घरीच ते रिकामं करा, गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवा आणि पावतीवर हत्यार क्रमांक बरोबर लिहिलाय का, ते तिथंच वाचून घ्या.