तांबडा, पांढरा आणि त्याआधीची अळणी

कोल्हापूरच्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्यासाठी चुलीवर चढवलेलं हे जे पातेलं दिसतंय ना, त्यात अजून तिखटाचा कणसुद्धा पडलेला नाही. मटण, आलं-लसणाचं वाटण, परतलेला कांदा, मीठ आणि चिमूटभर हळद, बास. हळद जास्त झाली तर पुढे पांढरा रस्सा पिवळा पडतो, म्हणून रांधणाऱ्या मावशींचा हात तिथं आखडता. झाकण म्हणून वर परात ठेवलीय आणि परातीत पाणी, ते तापलं की तेच मटणात ओतायचं, गार पाणी घातलं की मटण वातड होतं असं इथं कुठल्याही घरात सांगतात.

आणि तुकडे बघा, नळी, मान, छाती, सगळं हाडासकट. नुसतं बोनलेस आणून रस्सा होत नाही, रस हाडातनं उतरतो आणि त्याला वेळ लागतो.

हा जो रस उतरलाय, ती अळणी. कोल्हापुरात घरी मटण शिजलं की पहिली वाटी हिची, लहान पोरं, आजी-आजोबा, तापातनं उठलेलं माणूस, सगळ्यांना चालते, वरून जरा मिरपूड टाकली की झालं. जगात कुठंही मटणाचं चांगलं सूप असंच तर बनतं, हाडं, पाणी, मंद आच. आणि आता याच एका पातेल्यातनं दोन्ही रस्से निघणार.

आधी पांढरा. काजू, खसखस, तीळ बारीक वाटलेत, ओल्या नारळाचं घट्ट दूध काढलंय. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरे तडतडले की वाटण, मग अळणी, आणि नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. इथनं पुढे ढवळणारा डाव थांबत नाही, कारण जोराची उकळी आली की दूध फुटलं, रस्सा गेला. मावशींना कॅमेऱ्याकडं बघा म्हटलं तरी त्यांनी मान वर केली नाही.

तांबड्याची तयारी मात्र उन्हाळ्यातच होते. हा डंकाचा, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्राचा आवाज ऐका, वर्षाची चटणी कुटली जातेय, मिरच्या तीन, ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी ठसक्याला, सोबत कांदा, लसूण, सुकं खोबरं, धणे, गरम मसाला. ही चटणी तेलात पडते, जळू द्यायची नाही, मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर अळणी, आणि उकळता उकळता हा असा कट, म्हणजे तेलाचा लाल तवंग, वर येतो. रंग हा मिरचीचा आहे. बाहेरगावच्या हॉटेलात 'कोल्हापुरी' म्हणून खायचा लाल रंग घातलेलं, जीभ भाजणारं काहीतरी पुढं करतात ते बघून खरंच वाईट वाटतं, कारण त्यात अळणीच नसते.

मटण महागलंय, 2019 मध्ये तर दरावरनं कोल्हापुरात आंदोलनं झाली, त्यामुळे थोड्या मटणात घरभर रस्सा पुरवायची वेळ येते.

ताटं मांडलीत. पांढरा वाटी तोंडाला लावून प्यायचा, तांबडा भाकरी कुस्करून नाहीतर भातावर, काही जण दोन्ही एकत्र करून ओरपतात, तेही चालतं. वाढायला आले की वाटी पुढं करायची, रस्सा मागायला इथं कुणी लाजत नाही.