मास्तर, ही एसटी नाही

नमस्कार श्रोतेहो. मी निवृत्त सिस्टर. आज बोलायचंय दारूचं व्यसन असलेल्या पेशंटच्या शुश्रूषेबद्दल. औषधांची यादी काही वाचत नाही. एकच सांगते, आणि पुन्हा सांगणार आहे: पेशंट कशासाठीही भरती होऊ दे, हाड मोडू दे नाहीतर हर्निया असू दे, शेवटची दारू कधी घेतली ते सिस्टरला खरं सांगा.

मी नोकरीत नवी होते तेव्हाची गोष्ट. ऑर्थोपेडिक वॉर्ड, नाइट ड्यूटी. एसटीचे एक कंडक्टर पाय मोडून आले होते. दोन दिवसांत सगळ्या वॉर्डाची ओळख काढून झाली त्यांची. कोण कुठल्या गावचा, कुठल्या गाडीनं आला, सगळं पाठ. एसटीच्या कंडक्टरसारखी माणसं ओळखणारा दुसरा कुणी नाही. आता मशीनमधून तिकीट निघतं, ठीक आहे, पण पत्र्याच्या पेटीवर चिमटा वाजवत येणारा कंडक्टर गेला आणि प्रवासाची निम्मी मजा गेली, असं माझं स्पष्ट मत आहे. असो.

तिसरी रात्र, अडीचचा सुमार. लॉकरवर चमचा वाजायला लागला, टकटक टकटक. "पुढं सरका, पुढं सरका! कराड कोण, कराड?" मास्तर खाटेवर उठून बसलेले, अंगभर घाम, हात थरथरतायत आणि हवेतच तिकिटं फाडणं चाललंय. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. त्यांनी वर पाहिलं, सलाईनची नळी दिसली आणि घंटीची दोरी समजून खस्सकन ओढली. डबल बेल! सुई निघाली, चादरीवर रक्त.

शेजारचे आजोबा म्हणाले, "आज अमावस्या हाय." वॉर्डबॉय हात बांधायला पट्टी घेऊन आला. गोंधळ ऐकून पलीकडच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर आल्या. त्यांनी पट्टी परत पाठवली, बघ्यांना हाकललं, दिवा चालू ठेवला आणि मास्तरांना दिसेल अशा समोर उभ्या राहिल्या.

"मास्तर, मी सिस्टर. ही एसटी नाही, दवाखाना आहे. रात्र झालीय. तुमच्या पायाला प्लास्टर आहे."

"तिकीट घेतलं का?"

"मला गाडी दिसत नाही, मास्तर. तुम्हाला दिसतेय, ते कळतंय मला. घाम केवढा आलाय, पुसू का?"

बघा, बाईंनी तिकीट घेतलं नाही. आणि "काय वेड्यासारखं करताय" असंही म्हटलं नाही. घाम पुसता पुसता नाडी बघितली, ताप बघितला, मला डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं. मग मास्तरांच्या बायकोला व्हरांड्यात नेलं. भरतीच्या वेळी हीच बाई "शिवतसुद्धा नाहीत हो" म्हणाली होती, कारण शेजारी सासूबाई उभ्या होत्या. आता एकटी होती. म्हणाली, "रोज क्वार्टर लागते. कधी दोन. पाय मोडल्यापासून बंद आहे."

झालं, निदान तिथंच झालं. डॉक्टरांनी लोराझेपाम हे शांत करणारं औषध दिलं, आधी थायमिनचं, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन आणि मगच ग्लुकोज. रोज पिणाऱ्याच्या अंगात हे जीवनसत्त्व बऱ्याचदा कमी असतं. आधी नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही संपतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून "आधी सलाईन लावा" असा हट्ट धरू नका. आपल्याकडे सलाईनवर देवापेक्षा जास्त श्रद्धा आहे.

रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांतच हात थरथरतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भास, भ्रम, ताप. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो. तेव्हा घरी खोलीत कोंडून दारू सोडवायचा प्रयोग नको. पुन्हा सांगते, कोंडून नको. दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आणि हात बांधायचं म्हणाल, तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे विकारही येतात. दुसरा कुठलाच इलाज उरला नसेल, जिवाला तातडीचा धोका असेल, तरच बांधायचं. सिस्टरच्या सोयीसाठी नाही.

मास्तर दोन दिवसांत शुद्धीवर आले. पाय सांधल्यावर त्यांना पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पाठवलं. डॉ. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६मध्ये पुलंच्या देणगीतून सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र.

जाता जाता बायकांना एक सांगते. दारू सुटायची गोळी नवऱ्याच्या भाजीत गुपचूप मिसळू नका. डायसल्फिराम पोटात असताना दारू गेली तर उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जिवावर बेतू शकतं. गोळी द्यायची तर त्याला सांगून, डॉक्टरांना विचारून. कुणाला विचारायचं कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा फोन आहे, फुकट, रात्रीसुद्धा. मराठीत बोला. नंबर लिहून घ्या: १४४१६. एक चार चार एक सहा.