दोनशे पाच रुपये

श्रोतेहो, नमस्कार.

२०२३ च्या एप्रिलमधली गोष्ट. प्राप्तिकराच्या कागदपत्रांसाठी गृहकर्जाच्या व्याजाचं प्रमाणपत्र हवं होतं, म्हणून मी दुपारच्या सुट्टीत बँकेत गेले होते. काउंटरवरच्या मुलीनं प्रमाणपत्राबरोबर कर्जाचा खातेउताराही छापून दिला. परत येताना बसमध्ये मी तो उलगडला. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: हप्ता १३,९५५ रुपये, त्यातलं व्याज १३,७५०, मुद्दल २०५.

मला ती छपाईची चूक वाटली. मग वरची ओळ पाहिली, तिच्या वरची पाहिली. पगारातून पहिले चौदा हजार बाजूला काढायचे, उरलेल्यात महिना रेटायचा, हे मी जवळजवळ दोन वर्षं करत होते. आणि त्या चौदा हजारांतून माझ्या घराच्या कर्जाला लागत होते दोनशे पाच रुपये. तेवढ्यात त्या महिन्यात आमच्याकडे कोथिंबीर, मिरची आणि लिंबंही येत नव्हती.

थोडं मागचं सांगते. माझे यजमान २०१८ मध्ये गेले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा होता. मी नाशिकला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. तीन वर्षं आम्ही सिडकोत भाड्यानं राहिलो, अकरा महिन्यांच्या करारावर. दर अकरा महिन्यांनी भाडं वाढणार की घर सोडावं लागणार, हा घोर. नवीन घर बघायला गेलं की पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" उत्तर दिलं की समोरचा चेहरा बदलायचा. एका ठिकाणी तर टोकन घेतल्यावर दुसऱ्या दिवशी परत केलं. त्या रात्री ठरवलं, लहान असेल, लांब असेल, पण आपलं घर घ्यायचं.

जून २०२१ मध्ये पाथर्डी फाट्याच्या बाजूला वन बीएचके घेतला. साडेतेवीस लाखांचा. यजमानांच्या विम्याचे पैसे आणि माझे थोडे दागिने मिळून साडेपाच लाख भरले, अठरा लाखांचं कर्ज काढलं, सात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून महाराष्ट्रात एकट्या बाईच्या नावे घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत सुरू झाली होती. माझे साडेतेवीस हजार वाचले. त्यातून पहिली वस्तू आणली ती गहू भरायची कोठी.

मग असं काय झालं की मुद्दल दोनशेवर आलं? आपली बहुतेक गृहकर्जं आता रेपो दराला बांधलेली असतात. रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दरानं कर्ज देते, तो हा दर. मे २०२० पासून तो चार टक्के होता. मे २०२२ पासून तो चढू लागला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर गेला. माझा दर सातावरून साडेनऊवर. या काळात बँकेनं माझा हप्ता वाढवला नाही, मुदत वाढवली. मोबाइलवर तसे मेसेज आले होते. हप्ता तोच आहे ना, मग बरं, म्हणून मी ते पुसून टाकले. साडेनऊ टक्क्यांनी सव्वासतरा लाखांच्या वरच्या रकमेचं नुसतं महिन्याचं व्याजच पावणेचौदा हजार होतं. मी पुन्हा शाखेत जाऊन विचारलं, असंच चालू राहिलं तर किती वर्षं? साहेबांनी हिशेब करून सांगितलं, चव्वेचाळीस वर्षांच्या वर. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते.

हे सगळं सांगते आहे ते याचसाठी. मी काटकसर आधीही करत होते, आणि मनापासून करत होते. जुन्या साडीची उशी शिवली, चहातलं दूध कमी केलं, दोन वर्षं चपला बदलल्या नाहीत. पण वाचलेला रुपया कुठे जातो, हे मी पाहत नव्हते. तो खात्यात पडून राहायचा आणि महिन्याअखेरीला कुणाच्या लग्नाच्या आहेरात, कधी पाहुण्यांत, कधी पंख्याच्या दुरुस्तीत विरून जायचा. कर्ज जिथल्या तिथे. वाचलेला रुपया ज्या दिवशी मुद्दलात जमा होतो, त्या दिवशी तो वाचला, असं मी तेव्हापासून धरते.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. व्याजदर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं करायचं, हे कर्जदाराला विचारून ठरवा, असं त्यात बँकांना सांगितलं. मी लेखी अर्ज दिला आणि हप्ता १६,५०० करून घेतला. म्हणजे २,५४५ रुपये जास्त. हे आणायचे कुठून?

दोन हजारांच्या आसपास मी कामातून आणले. रविवारी सकाळी सहा ते नऊ घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेते, मधुमेहाच्या पेशंटांचे जास्त. उरलेलं घरातून काढलं. सगळ्यात जास्त हाती लागलं ते विजेच्या बिलात. आपल्याकडे शंभर युनिटपर्यंत एक दर आणि शंभरच्या पुढच्या युनिटांना जवळजवळ दुप्पट दर लागतो. आमचं बिल एकशे चाळीस-पन्नास युनिटांचं यायचं. म्हणजे वरची पन्नास युनिटं आम्हाला सगळ्यात महाग पडत होती. गीझरचं बटण दहा मिनिटांनी बंद, इस्त्री आठवड्यातून एकदा सगळ्या कपड्यांची, जुना खडखडणारा पंखा काढून कमी विजेचा बसवला, आणि आता थंडीचे महिने सोडले तर आम्ही शंभराच्या आत असतो. मुलगा पाच तारखेला मीटर वाचतो.

गहू मी वर्षाचा भरते. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. एप्रिलमध्ये भावाच्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून दीड पोतं लोकवन घेते, दोन दिवस गच्चीवर उन्हात घालते, एरंडेलाचा हात फिरवते आणि कोठीत कडुलिंबाचा पाला घालून ठेवते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे माहेरी जाण्याचा खर्चही निम्मा झाला. भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून, दिवेलागणीला, बायका टोपल्या आवरायला लागतात तेव्हा. पण एक सांगते, त्या वेळी घासाघीस करत नाही. ती बाई सकाळपासून उन्हात बसलेली असते आणि भाव तिनं आधीच उतरवलेला असतो. आपल्या कर्जाचा भार तिच्या टोपलीवर कशाला? रात्री डाळ भिजत घातली, एका कुकरमध्ये वरण, भात आणि बटाटे लावले की गॅसही पुरतो. दीड महिन्यात संपणारा सिलेंडर आमच्याकडे आता दोन महिन्यांच्या वर जातो.

आता मुद्दलाचं. वर्षातून दोनदा मी कर्जखात्यात जादा रक्कम भरते, दिवाळीच्या बोनसनंतर आणि मार्चअखेरीला. पहिल्या वर्षी ४८,००० भरले, दुसऱ्या वर्षी ६२,०००. बदलत्या दराच्या गृहकर्जावर अशी रक्कम आधी भरली म्हणून बँक दंड लावू शकत नाही. भरताना अर्जात स्पष्ट लिहायचं, "हप्ता कमी करू नये, मुदत कमी करावी." हे वाक्य मी प्रत्येक वेळी लिहिते आणि त्याची पोच घेते. दहा हजार भरल्यानं काय होतं? माझ्या कर्जात, साडेनऊ टक्के दर आणि एकोणीस वर्षं बाकी असताना, आज भरलेल्या दहा हजारांनी शेवटचे साडेतीन हप्ते गळून पडत होते. साठ हजारांच्या आसपास. हे कळल्यावर हातातला मोबाइल बदलावासा वाटेना.

पण मैत्रिणींनो, आणि एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या बाबांनो, तुम्हालाही, जादा भरण्याआधी दोन गोष्टी कराव्या लागतात. कर्जात भरलेले पैसे अडीअडचणीला परत मिळत नाहीत. म्हणून तीन हप्त्यांइतकी रक्कम आधी वेगळ्या ठेवीत ठेवा. माझी नोकरी खाजगी, आजारी पडले तर दुसरा पगार घरात येत नाही. दुसरी गोष्ट विम्याची. मी नुसता टर्म इन्शुरन्स घेतला, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा विमा, कर्जाच्या रकमेपेक्षा जास्त. मुलगा अजून सज्ञान नाही, म्हणून नुसतं त्याचं नाव नॉमिनी म्हणून लिहून भागत नाही, त्याच्या वतीनं पैसे स्वीकारणारी सज्ञान व्यक्ती नेमावी लागते. मी भावाचं नाव दिलंय. कर्ज घेताना एकरकमी प्रीमियमचा विमा पुढे करतात आणि त्याची रक्कम कर्जातच मिळवतात. मग त्या प्रीमियमवरही वीस वर्षं व्याज. तो घेणं बंधनकारक नसतं, हे मला सही करून झाल्यावर कळलं.

चुका माझ्याकडूनही झाल्या. दाढ दुखत होती, सातशे-आठशे रुपयांत सिमेंट भरून झालं असतं. पुढच्या महिन्यात बघू करत मी सात महिने लवंग चावली. शेवटी रूट कॅनल करून वर टोपी बसवायला साडेसहा हजार गेले. तेव्हापासून दात, डोळे आणि रक्तदाब यांत काटकसर नाही. रोज लोकांचे रिपोर्ट हातात घेणारी मी, मला हे आधी कळायला हवं होतं.

दुसरी चूक मात्र पैशांत मोजता येणार नाही. २०२३ च्याच डिसेंबरमध्ये मुलाच्या कंपासपेटीत मला एक घडी घातलेला कागद सापडला. शाळेच्या सहलीची सूचना होती, रायगडची, दोन दिवसांची, साडेअठराशे रुपये. पैसे भरायची तारीख उलटून गेली होती. मी विचारलं तर म्हणाला, "मला नव्हतंच जायचं, आई." आठवीतला मुलगा. शिवाजी महाराजांचे सगळे किल्ले ज्याला तोंडपाठ, त्याला रायगडला जायचं नव्हतं.

मी त्याच्याशी कधी कर्जाबद्दल बोललेच नव्हते. मला वाटायचं, त्याच्यापर्यंत झळ पोचू नये. पण वन बीएचकेमध्ये काय लपणार? मी रात्री फोनवर भावाशी बोलायचे, ते सगळं त्याच्या कानावर जात होतं. आकडे माहीत नाहीत, नुसती काळजी माहीत. त्यामुळे त्याला ते कर्ज होतं त्याहून कितीतरी मोठं वाटत होतं. आई घर घालवून बसेल, आपण पुन्हा सिडकोत जाऊ, असं त्याच्या मनात होतं.

त्या रविवारी मी सगळे कागद जेवणाच्या ताटांच्या जागी पसरले. पगाराची स्लिप, कर्जाचा उतारा, ठेवीची पावती. हप्ता म्हणजे काय, व्याज कशावर लागतं, घर कुणाच्या नावावर आहे, सगळं सांगितलं. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे आपल्याला कुणी काढू शकत नाही?" मी म्हटलं, हप्ते भरतोय तोवर कुणीही नाही, आणि तीन हप्ते बाजूला ठेवलेत. मग त्यानं पेन्सिल घेतली आणि कोठीच्या मागच्या भिंतीवर शिल्लक मुद्दल लिहिलं. तेव्हापासून दर महिन्याला लिहितो. आणि दरमहा पाचशे रुपये त्याच्या नावाचे असतात, सहल, क्रिकेटचा बॉल, मित्राचा वाढदिवस, काहीही. त्याचा हिशेब मी विचारत नाही. पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघं रायगडला जाऊन आलो, एसटीनं.

ज्यांचं उत्पन्न माझ्याहून कमी आहे, त्यांच्यासाठी एक माहिती. एकल पालकांच्या मुलांसाठी महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांच्या नावानं. तिच्यात पात्र मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करा. माझ्या लॅबमध्ये साफसफाई करणाऱ्या ताईंना ती माहीत नव्हती. त्यांच्या दोन मुलांचे अर्ज आम्ही जेवणाच्या सुट्टीत बसून भरले.

२०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून या काळात रेपो दर एक टक्क्यानं उतरला. माझा दर साडेआठ झाला. हप्ता कमी करून घ्यावा असा मोह होतो, हजाराच्या आसपास मोकळे होतात. मी हप्ता तोच ठेवला. आता त्या साडेसोळा हजारांतले साडेपाच हजारांच्या वर मुद्दलात जातात, आणि चव्वेचाळीस वर्षांची मुदत तेरा वर्षांच्या आत आली आहे.

त्याच २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेनं दर तिमाहीला तुम्हाला उतारा उपलब्ध करून द्यायचा असतो. आतापर्यंत किती मुद्दल गेलं, किती व्याज गेलं, किती हप्ते उरले, हे त्यात असतं. तुमचं कर्ज असेल तर या आठवड्यात तो मागून घ्या आणि मुद्दलाच्या रकान्यावर बोट ठेवून वाचा. आकडा दोनशे निघाला तर घाबरून घरी बसू नका, शाखेत जा.

आज आमच्या हप्त्याची तारीख आहे. मी घरी पोचेपर्यंत मुलानं पंधरा लाखांच्या पुढचा आकडा खोडून नवा लिहिलेला असेल. नमस्कार.