दिवसाला दोनच जहाजे

[दृश्य : टार इनलेट. जहाजाच्या पुढच्या डेकवरून दिसणारी हिमनदीची भिंत.]

ही मार्जरी हिमनदी. अलास्का आणि कॅनडा यांच्या सीमेवरील फेअरवेदर पर्वतरांगेत ती उगम पावते, सुमारे ३४ किलोमीटर अंतर कापून खाली येते आणि टार इनलेट नावाच्या या चिंचोळ्या खाडीत समुद्राला मिळते. पाण्यावर दिसणारी तिची भिंत सुमारे ७५ मीटर, म्हणजे पंचवीस मजली इमारतीएवढी उंच आहे आणि आणखी तीसेक मीटर बर्फ पाण्याखाली आहे. बर्फाचा कडा सुटण्याआधी वरच्या कडेवरून बारीक भुगा झरू लागतो, मग एक फट रुंदावत जाते आणि कडा पाण्यात गेलेला डोळ्यांना दिसल्यानंतर क्षणभराने त्याचा गडगडाट डेकवर पोहोचतो.

[दृश्य : कोसळणारा कडा. नैसर्गिक ध्वनी तसाच ठेवावा. निवेदन नाही.]

अलास्काच्या क्रूझसाठी कोणती कंपनी निवडावी, असे विचारले की बहुतेक माहितीपत्रके केबिनचे आकार, उपाहारगृहांची संख्या आणि संध्याकाळचे मनोरंजन यांच्याविषयी बोलू लागतात. या गोष्टी कमी महत्त्वाच्या आहेत असे नाही, कारण सात दिवस त्याच जहाजावर राहायचे असते. परंतु ज्या बर्फासाठी एवढा प्रवास करायचा, त्या बर्फासमोर आपले जहाज जाणार आहे की नाही, हे ठरवणारी गोष्ट माहितीपत्रकात बारीक अक्षरांत असते. ती म्हणजे परवाना.

मार्जरी हिमनदी ज्या ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात आहे, तेथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. त्याखेरीज तीन लहान पर्यटक बोटी, सहा भाड्याच्या बोटी आणि पंचवीस खासगी बोटी, एवढीच उन्हाळ्यातील दैनंदिन मर्यादा आहे. ‘नॅशनल पार्क सर्व्हिस’ ही अमेरिकी सरकारची संस्था क्रूझ कंपन्यांकडून प्रस्ताव मागवते, हवा आणि पाणी स्वच्छ ठेवण्यासाठी कोणती कंपनी काय करणार आहे हे तपासते आणि मग काही वर्षांसाठी फेऱ्या वाटून देते. या वाटपात सर्वाधिक फेऱ्या हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहेत. दोन्हींची मालकी कार्निव्हल कॉर्पोरेशन या एकाच समूहाकडे आहे, हे तुलना करत बसलेल्या ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. नॉर्वेजियनकडेही परवाना आहे, पण तिची प्रत्येक फेरी येथे येत नाही. आणखी काही कंपन्यांना मोजक्या फेऱ्या मिळतात. रॉयल कॅरिबियन आणि सेलिब्रिटी यांची जहाजे साधारणपणे हबर्ड हिमनदीकडे किंवा एन्डिकॉट आर्म या फ्योर्डकडे, म्हणजे उंच कड्यांमधल्या चिंचोळ्या खाडीकडे, जातात.

[दृश्य : पहाट. बार्टलेट कोव्हजवळ लहान बोट जहाजाला येऊन भिडते. दोरशिडीने चढणारे रेंजर.]

ग्लेशियर बेच्या तोंडाशी सकाळी घडणारा हा प्रसंग इतर मार्गांवर सहसा पाहायला मिळत नाही. उद्यानाची लहान बोट चालत्या जहाजाच्या अंगाला लागते आणि रेंजर, म्हणजे उद्यानाचे अधिकारी, एकेक करून दोरशिडीने वर चढतात. पाठीवर पिशवी, अंगात राखाडी-हिरवा गणवेश, एक हात शिडीवर आणि दुसरा पुढच्या पायरीच्या शोधात. बोट खाली-वर होत असते, त्यामुळे लाटेच्या नेमक्या माथ्यावर पाय उचलावा लागतो. वर आल्यावर ते जहाजाच्या चालनकक्षातून ध्वनिक्षेपकावर दिवसभर माहिती देतात, डेकवर फिरून प्रश्नांची उत्तरे देतात आणि दुपारी त्याच शिडीने उतरतात. त्यांच्याबरोबर अनेकदा हूना त्लिंगित या मूळनिवासी समाजातील निवेदकही येतात, कारण ही खाडी मुळात त्यांच्या पूर्वजांची वसती आहे. अठराव्या शतकात पुढे सरकलेल्या बर्फाने त्यांची गावे गिळली आणि ते लोक समोरच्या किनाऱ्यावर, आज हूना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी, जाऊन राहिले. बार्टलेट कोव्हच्या काठावर २०१६ साली उभे राहिलेले त्यांचे लाकडी कुलगृह मोठ्या जहाजांच्या प्रवाशांना पाहता येत नाही, कारण ही जहाजे उद्यानात कोठेही धक्क्याला लागत नाहीत. ज्यांना ते पाहायचे आहे, त्यांनी लहान जहाजांचा विचार करावा. त्यांच्याविषयी पुढे बोलू.

[दृश्य : खाडीचा नकाशा. बर्फाची मागे सरकत जाणारी रेषा.]

या नकाशाकडे थोडा वेळ पाहणे आवश्यक आहे. १७९४ साली कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतील लोक येथे आले, तेव्हा आज जिथे खाडी आहे तिथे बर्फाची प्रचंड भिंत होती आणि किनाऱ्यात सुमारे आठ किलोमीटरची खाच तेवढी दिसत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर त्लिंगित वाटाड्यांच्या होडीतून आले, तेव्हा बर्फ साठ किलोमीटरहून अधिक मागे गेला होता. १९१६ पर्यंत ग्रँड पॅसिफिक हिमनदी मागे हटत टार इनलेटच्या अगदी टोकाशी, म्हणजे खाडीच्या तोंडापासून सुमारे १०५ किलोमीटर आत पोहोचली होती. आज जहाज सकाळपासून ज्या पाण्यातून चालत येते, ते सगळे पाणी सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होते.

पर्यटकांची वर्दळ येथे नवी नाही. १८८३ साली कॅप्टन जेम्स कॅरोल यांनी ‘आयडाहो’ ही आगबोट प्रवाशांसह या खाडीत आणली आणि पुढील दीड दशक येथील म्यूर हिमनदी हे आगबोटींचे मुख्य आकर्षण राहिले. सप्टेंबर १८९९ च्या भूकंपाने ती हिमनदी अशी फुटली की हिमनगांनी खाडी भरून गेली आणि आगबोटींना कित्येक वर्षे तिच्याजवळ जाता आले नाही. आज म्यूर हिमनदी समुद्रापर्यंत पोहोचतच नाही. १९२५ मध्ये ही खाडी राष्ट्रीय स्मारक आणि १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. आजची दोन जहाजांची मर्यादा याच संरक्षणाचे फळ आहे.

[दृश्य : मार्जरीशेजारी मातकट, काळसर बर्फ. पक्ष्यांची वसाहत.]

मार्जरीच्या शेजारी मातीचा ढिगारा वाटावा अशी जी काळपट भिंत दिसते, तीच ग्रँड पॅसिफिक. डोंगरावरून आलेले दगड आणि गाळ यांनी ती झाकली गेली आहे, म्हणून बहुतेक कॅमेरे तिच्याकडे वळतसुद्धा नाहीत. मार्जरीचा निळा रंग मात्र सर्वांना हवा असतो. वर्षानुवर्षांच्या दाबाने हवेचे बुडबुडे दबून बर्फ घट्ट होतो, असा बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि निळा बाहेर सोडतो. ढगाळ दिवशी हा निळेपणा अधिक उठून दिसतो, त्यामुळे पाऊस आला म्हणून केबिनमध्ये जाण्याचे कारण नाही. कड्यालगत काळ्या पायांच्या किटीवेक पक्ष्यांची वसाहत आहे.

जहाज येथे साधारण तासभर थांबते आणि हळूहळू पूर्ण वर्तुळात फिरते, त्यामुळे उजवीकडच्या आणि डावीकडच्या दोन्ही बाल्कन्यांना हिमनदी समोरासमोर मिळते. अमुक बाजूची केबिन घ्या म्हणून जादा पैसे मागितले जात असतील, तर निदान या तासासाठी ते देऊ नयेत. महत्त्वाचा असतो तो उघडा डेक. हॉलंड अमेरिकेच्या जहाजांवर संपूर्ण जहाजाभोवती फिरणारा रुंद डेक असतो, हिमनदीच्या दिवशी पुढच्या टोकाचा डेकही प्रवाशांना खुला करतात आणि तिथे वाटाण्याचे गरम सूप वाटतात. त्या सुपात बहुधा मांस असते. शाकाहारी प्रवाशांनी आधी विचारून घ्यावे. या कंपनीची जहाजे सुमारे चौदाशे ते पावणेतीन हजार प्रवाशांची आहेत. प्रिन्सेसची मोठी जहाजे साडेतीन हजार किंवा त्याहून अधिक प्रवाशांची आहेत, तर रॉयल कॅरिबियनची येथे येणारी सर्वांत मोठी जहाजे चार हजारांहून अधिक प्रवासी नेतात. मुलांसाठी सोयी, घसरगुंड्या आणि बंदिस्त क्रीडांगणे हवी असतील, तर या मोठ्या जहाजांना तोड नाही. परंतु एका कठड्याशी किती माणसे उभी राहू शकतात, याचे गणित तिथे वेगळे असते.

[दृश्य : आकाशातून हबर्ड हिमनदी. संग्रहित.]

हबर्ड हिमनदीविषयी थोडक्यात. तिची लांबी सुमारे १२२ किलोमीटर आहे आणि समुद्राला मिळणारी उत्तर अमेरिकेतील सर्वांत मोठी हिमनदी तीच आहे. बहुतेक हिमनद्या मागे सरकत असताना ती पुढे येत आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने रसेल फ्योर्डचे तोंडच बंद केले होते. तरंगत्या बर्फामुळे काही दिवशी जहाजांना लांबूनच परतावे लागते. ट्रेसी आर्म या फ्योर्डची छायाचित्रे जुन्या माहितीपत्रकांत भरपूर आहेत, पण १० ऑगस्ट २०२५ च्या पहाटे तेथे मोठी दरड कोसळून उसळलेली लाट डोंगरउतारावर चारशे मीटरहून अधिक वर चढली, तेव्हा त्या नावावर विसंबून आरक्षण करण्यापूर्वी कंपनीला सध्याचा मार्ग विचारावा.

[दृश्य : व्हिक्टोरिया बंदर, संध्याकाळ.]

कंपनीइतकेच महत्त्व सुटण्याच्या बंदराला आहे, आणि त्यामागे १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरातून प्रवासी उचलून परदेशात न थांबता अमेरिकेतच उतरवू नयेत, असे तो सांगतो. जवळजवळ सर्व मोठी क्रूझ जहाजे परदेशी नोंदणीची आहेत. म्हणूनच सिएटलहून निघून सिएटललाच परतणारे जहाज सहसा शेवटच्या संध्याकाळी काही तास कॅनडातील व्हिक्टोरियाला थांबते. सिएटलची जहाजे बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, खुल्या समुद्रातून जातात. व्हँकुव्हर शहरातून निघणारी जहाजे बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या शांत पाण्यातून जातात. ज्यांना बोट लागते, त्यांनी हा फरक लक्षात घ्यावा. व्हँकुव्हरहून उत्तरेला व्हिटियर किंवा स्यूअर्डपर्यंत जाणाऱ्या एकेरी फेऱ्यांना पुढे देनाली राष्ट्रीय उद्यानाचा खुष्कीचा प्रवास जोडता येतो. प्रिन्सेस आणि हॉलंड अमेरिका यांची तेथे स्वतःची निवासस्थाने आहेत.

भारतीय पारपत्र असलेल्या पर्यटकांना यातील कोणत्याही मोठ्या जहाजासाठी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात. पुण्याहून किंवा नागपूरहून मुलांकडे आलेल्या आईवडिलांजवळ बहुधा अमेरिकेचाच व्हिसा असतो, आणि सिएटलची क्रूझ म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकेतला प्रवास, असे घरातील सर्वांनाच वाटत असते. आरक्षणाचे पैसे भरण्याआधी कॅनडाच्या व्हिसासाठी अर्ज करणे शहाणपणाचे आहे.

[दृश्य : तरंगता बर्फ, त्यावर सील. पुढून जाणारी लहान बोट, कायाक.]

लहान जहाजांवर साठ ते शंभर प्रवासी असतात. अनक्रूझ आणि लिंडब्लाड या त्यातील परिचित कंपन्या आहेत. ही जहाजे अमेरिकी नोंदणीची असली तर थेट अलास्कातील जुनोसारख्या बंदरातून निघतात आणि कॅनडाला जावे लागत नाही. ती बार्टलेट कोव्हला थांबू शकतात, प्रवाशांना कायाक या वल्ह्याच्या छोट्या होडीतून पाण्यावर उतरवू शकतात आणि एका हिमनदीसमोर रेंगाळू शकतात. भाडे मात्र मोठ्या जहाजाच्या काही पटींत असते आणि मनोरंजन म्हणजे संध्याकाळचे एखादे व्याख्यान.

[दृश्य : जुनोचा धक्का, ओळीने उभी जहाजे. हंपबॅक देवमाशाचा सांगाडा.]

मोठ्या जहाजांची किंमत किनाऱ्यालाही मोजावी लागते. सुमारे बत्तीस हजार वस्तीच्या जुनोत २०२३ मध्ये सोळा लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी उतरले, २००१ मध्ये प्रिन्सेसच्या जहाजाने एका गाभण देवमाशीला धडक दिली आणि २०१६ मध्ये त्याच कंपनीने समुद्रात तेलकट सांडपाणी सोडल्याच्या गुन्ह्यात चार कोटी डॉलरचा दंड मान्य केला.

[दृश्य : जॉन्स हॉपकिन्स इनलेटचे तोंड. बर्फावर सील आणि पिल्ले.]

जॉन्स हॉपकिन्स इनलेटच्या या तोंडाशी जहाज उन्हाळ्यात वळून परत फिरते. आतील हिमनगांवर सील माद्या पिल्लांना जन्म देतात, म्हणून मे ते ऑगस्ट हा भाग क्रूझ जहाजांना बंद असतो. सप्टेंबरमध्ये तो उघडतो. मात्र त्या महिन्यात पाऊस वाढतो आणि हंगाम संपत आल्याने फेऱ्या कमी होतात. भाडेही उतरलेले असते. सप्टेंबरची फेरी पाहत असाल, तर कंपनीला केवळ ‘ग्लेशियर बे’ एवढेच न विचारता, त्या तारखेचे जहाज जॉन्स हॉपकिन्समध्ये जाते का, हेही लेखी विचारून घ्यावे.